भाताचे जैविक घड्याळ आणि जनुकांची दैनिक लय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृषी महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थी, जीवशास्त्राचे शिक्षक आणि कोकण, मावळ, भंडारा-गोंदिया या पट्ट्यांतील भात उत्पादक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला मूलभूत प्रश्न आहेत आणि अपवादांचे, गुंतागुंतीचे प्रश्न शेवटी आहेत. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे आले असेल तर तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक आग्रह मात्र सर्व उत्तरांमागे सारखाच आहे : भाताच्या एखाद्या जनुकाविषयी विधान करताना ते दिवसाच्या कोणत्या वेळी मोजले हे सांगितलेच पाहिजे, कारण त्याशिवाय ते विधान तपासता येत नाही.

१. भाताच्या रोपाला वेळ कळते, याचा नेमका अर्थ काय?

भाताच्या पेशींमध्ये काही जनुके आणि त्यांची प्रथिने एकमेकांना चालना देत आणि रोखत सुमारे चोवीस तासांचे एक आवर्तन पूर्ण करतात. या यंत्रणेला जैविक घड्याळ म्हणतात. ती रोपाच्या आतच चालते. सूर्योदय, सूर्यास्त आणि तापमानातील चढउतार तिला रोज बाहेरच्या दिवसाशी जुळवून घेतात, पण ती चालते स्वतःच्या बळावर. या यंत्रणेमुळे पहाट होण्यापूर्वीच प्रकाशसंश्लेषणाला लागणाऱ्या काही जनुकांचे काम वाढू लागते आणि दिवस मावळण्यापूर्वीच रात्रीची तयारी सुरू होते. म्हणजे रोप येणाऱ्या बदलाला केवळ सामोरे जात नाही, तर त्याच्या आधीच सज्ज होते.

२. दिवसा उजेड असतो आणि रात्री नसतो. जनुके उजेडालाच प्रतिसाद देत असतील, तर वेगळे घड्याळ कशाला मानायचे?

ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर प्रयोगानेच द्यावे लागते. फ्रान्समधील ज्याँ-जाक द मेराँ यांनी १७२९ मध्ये लाजाळूच्या जातीचे झाड अंधारात ठेवले, तेव्हा त्याची पाने अंधारातही दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. आज हीच कसोटी जनुकांना लावली जाते. रोपांना काही दिवस बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशी सवय लावतात, मग त्यांना अखंड उजेडात, एकाच तापमानाला ठेवतात आणि दर दोन ते चार तासांनी पानांचे नमुने घेतात. बाहेरून काळाची कोणतीही खूण मिळत नसताना एखाद्या जनुकाचा चढउतार दोन दिवस किंवा त्याहून अधिक काळ टिकला, तर त्यामागे घड्याळ आहे असे म्हणता येते. तो लगेच थांबला, तर ते जनुक केवळ उजेडामागे जात होते.

वनस्पतींमधील जनुक-अभिव्यक्तीची (जनुक किती प्रमाणात चालू आहे याची) अशी लय प्रथम १९८५ मध्ये वाटाण्यात, हरितद्रव्याला बांधणाऱ्या प्रथिनाच्या जनुकांबाबत दाखवली गेली. भातातील त्याच कुळातील जनुकेही दिवसाच्या पहिल्या भागात शिखर गाठतात.

३. जनुक ‘लयबद्ध’ आहे असे म्हणताना काय मोजलेले असते?

बहुतेक वेळा संदेशवाहक आरएनएचे, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून उतरवलेल्या प्रतीचे, प्रमाण मोजलेले असते. त्याच्या आलेखातून तीन गोष्टी वाचायच्या असतात : शिखर किती वाजता येते, शिखर आणि तळ यांत अंतर किती आहे, आणि एक आवर्तन किती तासांत पूर्ण होते. यांतील पहिल्या गोष्टीला कला म्हणतात, दुसरीला आयाम आणि तिसरीला आवर्तनकाळ.

आरएनए वाढले म्हणजे प्रथिनही त्याच वेळी तेवढेच वाढले, असा निष्कर्ष मात्र काढू नये. आरएनएचे तुकडे जोडण्याची पद्धत, प्रथिन तयार होण्याचा वेग, त्यावर फॉस्फेट चढणे आणि शेवटी त्याचे विघटन या प्रत्येक पायरीवर वेळेचे नियंत्रण असू शकते. टिकाऊ प्रथिनाचे प्रमाण दिवसभर जवळपास स्थिर राहते आणि त्याचे आरएनए मात्र अनेक पटींनी वरखाली होते, असेही आढळते.

४. भाताच्या घड्याळात कोणकोणती जनुके आहेत आणि ती एकमेकांना कशी चालवतात?

पहाटेपासून सुरुवात करू. सूर्योदयाच्या सुमारास ‘ओएस-सीसीए-१’ या जनुकाची अभिव्यक्ती शिखरावर असते (‘ओएस’ हे ओरायझा सटायव्हा या भाताच्या शास्त्रीय नावाचे लघुरूप; काही लेखनात या जनुकालाच ‘ओएस-एलएचवाय’ म्हणतात). त्याचे प्रथिन डीएनएवर बसते आणि संध्याकाळच्या जनुकांना दाबून ठेवते. ज्या ठिकाणी ते बसते तो छोटा क्रम ‘सांध्य घटक’ म्हणून ओळखला जातो. ए-ए-ए-ए-टी-ए-टी-सी-टी ही त्याची अक्षरे असून संध्याकाळी शिखर गाठणाऱ्या अनेक जनुकांच्या प्रवर्तकांत (जनुक चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या भागांत) ती सापडतात.

दिवस चढत जातो तसे ‘पीआरआर’ कुळातील सदस्य क्रमाक्रमाने पुढे येतात. भातात या कुळातील पाच जनुके आहेत : ओएस-पीआरआर-७३, ३७, ९५, ५९ आणि १. त्यांपैकी ७३ आणि ३७ दिवसा, ९५ आणि ५९ त्यानंतर, आणि पीआरआर-१ संध्याकाळी शिखरावर येते. ही प्रथिने ओएस-सीसीए-१ला दाबतात, म्हणून सकाळचे जनुक दिवसभर खाली राहते. अंधार पडल्यावर ‘ईएलएफ-३’, ‘ईएलएफ-४’ आणि ‘एलयूएक्स’ ही तीन प्रथिने एकत्र येऊन ‘सांध्य संकुल’ बनवतात आणि दिवसाच्या जनुकांना रोखतात. रात्र सरत आली की ही दडपणे ओसरतात, ओएस-सीसीए-१ पुन्हा वर येते आणि नवे आवर्तन सुरू होते.

या साखळीत ‘ओएस-गिगँटिया’ या जनुकाचे स्थान विशेष आहे. ते दुपारनंतर शिखर गाठते आणि घड्याळाला फुलोऱ्याशी जोडते. त्याच्याविषयी प्रश्न ८ आणि १५ मध्ये अधिक आले आहे.

लक्षात घेण्यासारखे हे की या यंत्रणेतील बहुतेक दुवे रोखण्याचे आहेत. एक जनुक दुसऱ्याला दाबते, दुसरे तिसऱ्याला दाबते, आणि दडपणावरचे दडपण उठल्यामुळे पुढचे जनुक चालू होते. फळमाशीतील घड्याळाच्या ज्या शोधाला २०१७ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले, तेथेही तत्त्व हेच आहे, पण जनुके पूर्णपणे वेगळी आहेत.

५. बहुतेक संशोधन अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहान रोपावर झाले आहे. ते जसेच्या तसे भाताला लागू पडते का?

सांगाडा लागू पडतो, तपशील नेहमीच नाही. अरॅबिडॉप्सिसमध्ये सकाळची दोन सख्खी जनुके आहेत, सीसीए-१ आणि एलएचवाय, तर भातात त्यांच्या जागी एकच आहे. ईएलएफ-३ अरॅबिडॉप्सिसमध्ये एक आणि भातात दोन आहेत.

परिणामांतील फरक याहून मोठा आहे. अरॅबिडॉप्सिसमध्ये सांध्य संकुल मोडले तर झाड लवकर फुलते. भातात ते मोडले तर उलट निसवणे (लोंबी बाहेर पडणे) लांबते, आणि ओएस-एलयूएक्स किंवा दोन्ही ईएलएफ-३ निकामी असतील तर भात लहान दिवसांत आणि मोठ्या दिवसांतही निसवतच नाही. शिवाय अरॅबिडॉप्सिस मोठ्या दिवसांत फुलते, तर भात मुळात लहान दिवसांचे पीक आहे. म्हणून अरॅबिडॉप्सिसमधील निष्कर्ष भाताविषयीचे अनुमान म्हणून घ्यावा आणि तो भातात तपासला गेला आहे की नाही हे आधी पाहावे.

६. भाताच्या एकूण जनुकांपैकी किती जनुके या लयीत चालतात?

प्रश्न साधा आहे, पण त्याचे एकच उत्तर नाही. दिवस-रात्रीचा उजेड आणि त्याबरोबर तापमानाचा चढउतार असे दोन्ही चालू असताना मोजले, तर व्यक्त होणाऱ्या जनुकांपैकी निम्म्याहून अधिक जनुके लय दाखवू शकतात. अखंड उजेड आणि स्थिर तापमान ठेवले की हा आकडा बराच खाली येतो, कारण उजेडामागे किंवा उष्णतेमागे जाणारी जनुके गळून पडतात. म्हणून ‘भाताची इतकी टक्के जनुके घड्याळावर चालतात’ असे वाक्य वाचले की परिस्थिती कोणती होती, ऊती कोणती होती आणि लय ठरवण्याची संख्याशास्त्रीय कसोटी कोणती होती, हे पाहावे. या तीन गोष्टींशिवाय टक्केवारीला अर्थ नाही.

७. प्रयोगशाळेतील दिवा वेळेवर लागतो. पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा शेतातील भाताचे घड्याळ चुकत नाही का?

हा या पानावरील माझा आवडता प्रश्न आहे. त्याचे उत्तर जपानमधील त्सुकुबाच्या भातखाचरांतून मिळाले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेतातील भाताच्या पानांचे ४६१ नमुने हंगामभर वेगवेगळ्या वेळी घेतले गेले आणि त्यांची सांगड त्या त्या वेळच्या हवामानाच्या नोंदींशी घातली गेली. सतरा हजारांहून अधिक जनुकांसाठी गणिती प्रारूपे तयार झाली. शेतातील अभिव्यक्ती मुख्यतः चार गोष्टींवर ठरते असे त्यातून दिसले : आतील दैनिक लय, हवेचे तापमान, रोपाचे वय आणि सौर प्रारण. त्यानंतर त्सुकुबातच झालेल्या कामातून असेही दिसले की हवामान रोज बदलत असले तरी घड्याळाची मूळ जनुके वेळ चांगलीच पाळतात.

यामागे दोन कारणे आहेत. पहिले असे की घड्याळ जुळवून घेण्यासाठी लख्ख ऊन लागत नाही. दाट ढगांखालीही दिवस आणि रात्र यांच्या प्रकाशातील फरक प्रचंड असतो आणि पानांतील प्रकाशग्राही प्रथिनांना तो पुरतो. दुसरे कारण तापमान-भरपाईचे. सामान्य रासायनिक क्रिया उष्णतेबरोबर वेगाने होऊ लागतात, पण घड्याळाचा आवर्तनकाळ सोसण्याजोग्या तापमानाच्या पट्ट्यात जवळपास तेवढाच राहतो. ढगाळ दिवसाचा परिणाम होतो तो प्रकाशसंश्लेषणावर आणि थेट प्रकाशाला बांधलेल्या जनुकांवर.

८. भात कधी निसवायचा हे घड्याळ कसे ठरवते?

भातातील दैनिक लयीचा सर्वांत सखोल अभ्यास याच बाबतीत झाला आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

फुलोऱ्याचा निरोप देणारी दोन प्रमुख जनुके आहेत : एचडी-३ए आणि आरएफटी-१. पहिले लहान दिवसांत महत्त्वाचे, दुसरे मोठ्या दिवसांत. दोन्ही एकदम दडपली तेव्हा भात पेरणीनंतर ३०० दिवसांनीही निसवला नाही. एचडी-३एचे प्रथिन पानात तयार होते आणि रसवाहिनीतून शेंड्याच्या कोंबापर्यंत जाते. पान हा निरोप पाठवते आणि कोंब तो ऐकतो, हे २००७ मध्ये भातात सिद्ध झाले.

निरोप केव्हा पाठवायचा यावर दोन विरुद्ध हात काम करतात. ईएचडी-१ हे जनुक एचडी-३एला चालना देते आणि जीएचडी-७ हे जनुक ईएचडी-१ला रोखते. ईएचडी-१ सकाळच्या निळ्या प्रकाशात चालू होते, आणि निळ्या प्रकाशाला दाद देण्याची सकाळची वेळ गिगँटियामार्फत घड्याळ ठरवते. जीएचडी-७ला लाल प्रकाश फायटोक्रोम या प्रकाशग्राही प्रथिनामार्फत चालू करतो, पण त्याचेही दार दिवसातील एका ठरावीक काळातच उघडे असते. मेख येथेच आहे. मोठ्या दिवसांत हे दार सकाळी उघडे असते, त्या वेळी उजेड असतो, जीएचडी-७ वाढते आणि दुसऱ्या सकाळी ईएचडी-१ दबलेले राहते. लहान दिवसांत तेच दार मध्यरात्रीच्या सुमारास उघडते, तेव्हा अंधार असतो, जीएचडी-७ वाढत नाही, सकाळी ईएचडी-१ मोकळे होते आणि एचडी-३ए चढते. रोप दिवसाची लांबी मोजते म्हणजे नेमके हे करते : आतील वेळ आणि बाहेरचा उजेड एकाच क्षणी भेटतात का, ते पाहते.

ही मोजणी किती बारीक असते? जपानी जातींवरील २०१० मधील कामात साडेतेरा तासांच्या आसपास उंबरठा आढळला. दिवस त्याहून लहान झाला की एचडी-३ए एकदम वर जाते, आणि अर्ध्या तासाचा फरकही रोपाला कळतो.

९. कोकणात आम्ही हळवे (लवकर येणारे), निमगरवे (मध्यम मुदतीचे) आणि गरवे (उशिरा येणारे) भात म्हणतो. या फरकाचा घड्याळाशी संबंध आहे का?

आहे, विशेषतः जुन्या गरव्या जातींच्या बाबतीत. रत्नागिरीच्या अक्षांशावर २१ जूनच्या सुमारास सूर्योदय ते सूर्यास्त दिवस सुमारे १३ तास १० मिनिटांचा असतो आणि डिसेंबरात सुमारे ११ तास ५ मिनिटांचा. म्हणजे आपल्याकडील सर्वांत मोठा दिवससुद्धा प्रश्न ८ मधील जपानी उंबरठ्याच्या खालीच राहतो. जुनी गरवी जात मात्र दिवस साडेबारा तासांच्याही आत आखूड होईपर्यंत, म्हणजे साधारण सप्टेंबर लागेपर्यंत थांबते. त्यामुळे दाढ (रोपवाटिका) पंधरा दिवस मागेपुढे टाकली तरी अशी जात जवळपास एकाच सुमारास निसवते. पाऊस ओसरण्याच्या बेतात लोंबी बाहेर पडावी हा गुण पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आला आहे, आणि बियाणे राखणाऱ्या शेतकऱ्यांचे ते मोठे कर्तृत्व मानायला हवे.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात त्सुकुबात दिवस सुमारे अर्ध्या तासाने आखूड होतो, तर रत्नागिरीत सुमारे बारा मिनिटांनीच. उष्ण कटिबंधातील प्रकाशसंवेदनशील भाताला वेळेचा फरक त्याहून बारकाईने ओळखावा लागतो.

हळव्या जातींचे गणित वेगळे असते. त्यांची वाढीची मूळ मुदतच कमी असते आणि दिवसाच्या लांबीचा प्रभाव त्यांच्यावर कमी असतो किंवा नसतो.

१०. उन्हाळी भाताला सर्व जाती का चालत नाहीत?

प्रकाशसंवेदनशील जात थंडीत पेरली तर तिला सुरुवातीपासूनच लहान दिवस मिळतात आणि फुटवे पुरेसे येण्याआधीच ती निसवण्याकडे झुकते. ती उशिरा लावली तर दिवस वाढत गेल्याने निसवणे लांबते. वायंगणीसाठी (उन्हाळी भातासाठी) म्हणूनच प्रकाशकालाला उदासीन जाती लागतात. १९६६ मधील आयआर-८ आणि १९६८ मधील जया या जाती वर्षातील दोन्ही हंगामांत घेता आल्या, त्याचे एक मोठे कारण हा गुण होता.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. प्रकाशकालाला उदासीन म्हणजे घड्याळ नसलेली जात नव्हे. अशा जातीतही हजारो जनुकांची दैनिक लय शाबूत असते. घड्याळाची वेळ आणि फुलोऱ्याचा निरोप यांना जोडणारा एखादा दुवा तेवढा कमकुवत किंवा तुटलेला असतो. जपानच्या होक्काइदो बेटावरील अनेक जातींत जीएचडी-७ निकामी आहे. म्हणूनच पंधरा तासांहून मोठ्या उन्हाळी दिवसांतही त्या निसवतात आणि थंडी पडण्याआधी हाती येतात.

११. रस्त्यावरच्या दिव्याजवळची रोपे हिरवीच राहतात आणि उशिरा निसवतात. हे खरेच दिव्यामुळे होते का?

प्रकाशसंवेदनशील जात असेल तर होय. लहान दिवसांतील लांब रात्रीच्या मध्यावर केवळ दहा मिनिटे उजेड दिला तरी भातातील एचडी-३ए दबते, हे २००५ मध्ये दाखवले गेले आणि त्यामागे फायटोक्रोम-बी आहे हेही स्पष्ट झाले. कारण प्रश्न ८ मध्ये आलेच आहे : लहान दिवसांत जीएचडी-७चे दार मध्यरात्री उघडे असते, आणि दिवा नेमका त्याच वेळी चालू असतो.

खात्री करायची असेल तर खांबापासून दूर जाताना प्रत्येक ओळीतील निसवलेल्या चुडांची संख्या मोजावी आणि दिव्याच्या आड सावलीत आलेल्या रोपांशी ती ताडून पाहावी. अंतराबरोबर निसवण एकसारखी वाढत गेली, तर कारण दिवाच आहे. खताचा किंवा पाण्याचा फरक असा वर्तुळाकार दिसत नाही. दिव्याला शेताच्या बाजूने आडोसा घालणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

१२. रात्री पूर्वीपेक्षा उष्ण झाल्या आहेत. त्याचा या लयीवर परिणाम होतो का?

होतो, आणि या विषयाकडे आपल्याकडे अधिक लक्ष दिले जावे असे मला मनापासून वाटते. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावर १९७९ ते २००३ या काळात सरासरी किमान तापमान १.१३ अंश सेल्सिअसने वाढले, तर कमाल तापमान ०.३५ अंशाने. कोरड्या हंगामात किमान तापमानातील प्रत्येक अंशाच्या वाढीमागे उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटल्याचे या आकडेवारीतून २००४ मध्ये मांडले गेले.

उष्ण रात्रीत श्वसन वाढते आणि दिवसा कमावलेली साखर खर्च होते, हे त्याचे एक नेहमीचे स्पष्टीकरण आहे. २०२१ मध्ये त्याला दुसरी बाजू जोडली गेली. त्याच संस्थेच्या शेतातील लोंब्यांमध्ये उष्ण रात्रींमुळे जनुकांच्या दैनिक लयीच विस्कटतात असे दिसले. दिवस आणि रात्र यांच्या तापमानातील फरक ही घड्याळासाठी काळाची खूण असते, आणि रात्र तापली की ती खूण पुसट होते. मग एकाच कामात भाग घेणारी जनुके वेगवेगळ्या वेळी शिखरावर येऊ शकतात. आवर्तनकाळ तापमानाने फारसा बदलत नाही (प्रश्न ७) आणि तरीही तापमानाचा चढउतार घड्याळ लावायला उपयोगी पडतो, या दोन विधानांत विरोध नाही. पहिले विधान घड्याळाच्या वेगाविषयी आहे आणि दुसरे ते जुळवून घेण्याविषयी.

१३. भाताची फुले सकाळीच का उमलतात? तेही घड्याळामुळेच का?

भाताचे फूल साधारणपणे सकाळी उशिरा ते दुपारच्या सुमारास तास-दीड तास उघडे राहते. ही वेळ केवळ घड्याळावर ठरत नाही. तापमान, आर्द्रता आणि ऊन यांनी ती पुढेमागे होते. जातीनुसारही ती बदलते, आणि उष्ण प्रदेशांसाठी हा फरक मोलाचा आहे. ओरायझा ऑफिसिनालिस या रानटी भातातील ‘क्यूईएमएफ-३’ हा जनुकीय भाग लागवडीच्या भातात आणल्यावर फुले दीड ते दोन तास आधी उमलू लागली, म्हणजे परागीभवन उन्हाच्या तडाख्याआधीच उरकू लागले. पोचट दाण्यांचे प्रमाण कमी करण्याचा हा आशादायक मार्ग आहे.

१४. माझ्या प्रबंधासाठी पानांचे नमुने किती वाजता घ्यावेत?

‘किती वाजता’ याआधी ‘सूर्योदयानंतर किती तासांनी’ हा प्रश्न विचारावा. या क्षेत्रात उजेड सुरू होण्याच्या क्षणाला शून्य मानून तास मोजण्याची पद्धत आहे. महाराष्ट्रात याला व्यावहारिक महत्त्व आहे. भंडारा आणि रत्नागिरी येथे घड्याळे एकच वेळ दाखवतात, पण सूर्य माथ्यावर येण्यात सुमारे पंचवीस मिनिटांचे अंतर असते. दोन्ही केंद्रांवर ‘सकाळी दहा’ला घेतलेले नमुने रोपाच्या दृष्टीने एकाच वेळेचे नसतात.

शक्य असेल तर दर चार तासांनी, सलग ४८ तास नमुने घ्यावेत. दर दोन तासांनी घेतले तर शिखराची वेळ अधिक नेमकी कळते. एवढी साधनसामग्री नसेल तर किमान पहाट, मध्यान्ह, संध्याकाळ आणि मध्यरात्र असे चार बिंदू ठेवावेत. प्रत्येक बिंदूला वेगवेगळी रोपे वापरावीत, कारण एकाच रोपाचे पान पुन्हा पुन्हा कापले तर जखमेला प्रतिसाद देणारी जनुके मध्येच चालू होतात. वरून कितवे पूर्ण उघडलेले पान घ्यायचे आणि त्याचा कोणता भाग घ्यायचा, हे आधीच ठरवावे. पान कापल्यावर काही सेकंदांतच ते द्रव नायट्रोजनमध्ये गेले पाहिजे.

रात्रीच्या नमुन्यांबाबत विशेष दक्षता घ्यावी. डोक्यावरची पांढरी बॅटरी लावून खाचरात फिरणे म्हणजे प्रश्न ११ मधील प्रयोगच नकळत करणे होय. मंद हिरवा प्रकाश, तोही थोडा वेळ, वापरावा आणि एका वाफ्यात एकदा शिरल्यावर त्याच रात्री तेथून पुढचा नमुना घेऊ नये. पानाच्या पिशवीवर तारीख, वेळ आणि वाफा, आणि वहीत सूर्योदयाची वेळ, हवेचे तापमान आणि खाचरातील पाण्याची पातळी, या नोंदी त्याच क्षणी कराव्यात.

१५. घड्याळाचे जनुक बिघडवले तर उत्पादन हमखास घटते का?

नाही, आणि हा महत्त्वाचा अपवाद आहे. ओएस-गिगँटिया पूर्णपणे निकामी असलेला भात त्सुकुबाच्या शेतात वाढवला तेव्हा तपासलेल्या २७,२०१ जनुकांपैकी ७५ टक्के जनुकांच्या अभिव्यक्तीत फरक पडला. लयींचे आयाम घटले आणि कला सरकल्या. तरीही प्रकाशसंश्लेषणाचा निव्वळ वेग आणि दाण्याचे उत्पादन यांत घट दिसली नाही. फिनाइलप्रोपेनॉइड (लिग्निनसारख्या) पदार्थांच्या निर्मितीच्या मार्गावर मात्र सातत्याने परिणाम आढळला. अरॅबिडॉप्सिसवरील प्रयोगशाळेतील कामात घड्याळ बाहेरच्या दिवसाशी जुळत नसेल तर वाढ खुंटते असे दिसले होते. शेतातील भाताने त्याहून अधिक लवचीकपणा दाखवला. जनुकांच्या पातळीवरील मोठा बदल पिकाच्या पातळीवर तेवढाच मोठा दिसेल असे गृहीत धरू नये.

१६. मग या जनुकांचा जाती सुधारण्यासाठी उपयोग काय?

फुलोऱ्याच्या जनुकांचा उपयोग तर होतच आला आहे (प्रश्न ९ आणि १०). त्यापलीकडे दोन उदाहरणे आश्वासक वाटतात. ओएस-पीआरआर-७३ हे सोडियम आत घेणाऱ्या एका वाहक प्रथिनाचे जनुक दाबते आणि त्यामुळे रोप क्षार सोसते, असे २०२१ मध्ये दिसले. कोकणातील खारजमिनींच्या दृष्टीने हा धागा पुढे न्यायला हवा. दुसरे उदाहरण ओएस-सीसीए-१चे. ते साखरेची जाणीव आणि स्ट्रायगोलॅक्टोन हे संप्रेरक यांच्यामार्फत फुटव्यांची वाढ आवरते, आणि त्याची अभिव्यक्ती कमी केली की फुटवे वाढतात.

अडचण अशी की घड्याळाचे एक जनुक अनेक कामांना जोडलेले असते, त्यामुळे एक गुण सुधारताना निसवण्याची तारीख हलते. म्हणून संपूर्ण जनुक निकामी करण्यापेक्षा त्याच्या प्रवर्तकातील सौम्य बदल शोधणे मला अधिक योग्य वाटते.

१७. एचडी-१ला काही ठिकाणी फुलोऱ्याचे प्रेरक म्हटले आहे, काही ठिकाणी अवरोधक. बरोबर काय?

दोन्ही बरोबर आहे. एचडी-१ लहान दिवसांत निसवणे लवकर आणते आणि मोठ्या दिवसांत लांबवते. मोठ्या दिवसांत ते जीएचडी-७ आणि डीटीएच-८ (निसवणे लांबवणारे आणखी एक जनुक) यांच्या प्रथिनांबरोबर संकुल बनवते आणि ईएचडी-१ला दाबते. जीएचडी-७ मुळात नसलेल्या जातीत मात्र एचडी-१ मोठ्या दिवसांतही प्रेरकासारखे वागू शकते. म्हणून एखाद्या जातीत एचडी-१चे कार्यक्षम रूप आहे एवढ्यावरून ती लवकर येईल की उशिरा, हे सांगता येत नाही. सोबतची जनुके आणि दिवसाची लांबी दोन्ही सांगावी लागतात.

१८. मी दोन जातींचे नमुने अगदी एकाच वेळी घेतले आणि एका जातीत जनुक तिप्पट आढळले. हा निष्कर्ष तरी पक्का आहे ना?

अजून नाही. दोन जातींत त्या जनुकाचे शिखर सारखेच उंच असेल, पण एकीत ते दोन तास आधी येत असेल, तर चढत्या किंवा उतरत्या भागात घेतलेला एकच नमुना मोठा फरक दाखवतो. दुसऱ्या वेळी घेतलेला नमुना कदाचित उलट फरक दाखवील. हीच अडचण उपचारांच्या तुलनेतही येते : दुष्काळाचा ताण सकाळी आठला सुरू केला आणि नमुना दुपारी दोनला घेतला, तर सहा तासांत जनुकात झालेला बदल ताणामुळे किती आणि वेळेमुळे किती, हे त्याच दुपारी दोनला घेतलेल्या, ताण न दिलेल्या रोपाशिवाय कळत नाही. आठ वाजताचा नमुना येथे नियंत्रण म्हणून चालत नाही. संदर्भासाठी वापरलेले जनुकही दिवसभर स्थिर आहे का, हे तुमच्याच नमुन्यांत तपासावे लागते, कारण स्थिर समजल्या जाणाऱ्या काही जनुकांनाही दैनिक चढउतार असतो.

उपाय हा की तुलना किमान दोन बिंदूंवर करावी, एक अपेक्षित शिखराजवळ आणि एक अपेक्षित तळाजवळ. फरक दोन्हीकडे एकाच दिशेचा आला तर पातळी बदलली आहे असे म्हणता येते. दिशा उलटली तर कला सरकली असण्याची शक्यता अधिक असते, आणि मग प्रश्न १४ मधील ४८ तासांची मालिका घेतल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.